शेणखत टाकलंय, मग युरिया किती कमी करू?

स्वीट कॉर्न लावताना हा प्रश्न हमखास येतो. खरं उत्तर असं, की पहिल्या हंगामात अगदी थोडाच. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र (नायट्रोजन) जेमतेम अर्धा टक्का. एकरी ४ टन टाकलं तर २० किलो नत्र होतं, पण त्यातलं साधारण पाव हिस्साच याच पिकाला मिळतं, बाकीचं पुढच्या पिकांच्या वाट्याला जातं. म्हणजे पाचेक किलो. युरियात जवळपास निम्मं नत्र असतं, त्यामुळे युरिया १०-१२ किलोच कमी करा.

मक्याची हेक्टरी १२०:६०:४० किलो (नत्र:स्फुरद:पालाश) ही मात्रा धरली, तर शेणखतासोबत एकरी डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) ५० किलो, म्युरेट ऑफ पोटॅश २५ किलो आणि युरिया ७० किलो लागतो. माती परीक्षण केलं असेल तर आकडे त्याप्रमाणे बदला. पेरणीला सगळं डीएपी, सगळं पोटॅश आणि १५ किलो युरिया द्या. पीक गुडघ्याएवढं झालं की ३० किलो आणि तुरा निघायच्या आधी उरलेला २५ किलो. युरिया नुसता वर फेकू नका. चुनखडीच्या काळ्या रानात तो अमोनिया होऊन उडून जातो. ओलीवर टाकून लगेच मातीची भर द्या.

सगळ्यात जास्त घात होतो तो कच्च्या खतानं. काडीकचरा दिसतोय, हात घातला तर आत ऊब आहे, उग्र वास येतोय, असं खत रानात गेलं की ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात. मग पंधरा-वीस दिवसांचं पीक पिवळं पडतं आणि दोष बियाण्याला दिला जातो. मुळं खाणारी हुमणी अळीही अशाच खतातून येते. खत मुठीत दाबल्यावर भुसभुशीत, काळपट आणि मातीच्या वासाचं हवं. ते पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी पसरून कुळवाची पाळी द्या.

झिंक सल्फेट एकरी ८-१० किलो याच शेणखतात मुरवून द्या. डीएपीत कालवलं तर स्फुरद आणि जस्त एकमेकांना धरून बसतात आणि पिकाला दोन्ही कमी मिळतात. पीएसबीसारखी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) जिवाणू खतंही शेणखतातूनच, रासायनिक खतात कधीच नाही.

स्वीट कॉर्नचं बी सुरकुतलेलं, आत पिष्ट कमी, त्यामुळे उगवताना ते नाजूक असतं. खत त्याला चिकटलं तर कोंब जळतो. ६० × २० सेंटिमीटरवर टोकण करा आणि खत बियापासून चार बोटं बाजूला, थोडं खोल पडू द्या.

पुढे पानं वाचत जा. खालच्या पानावर टोकाकडून मधल्या शिरेनं आत येणारा पिवळा पाचर दिसला तर नत्र कमी. कडा करपल्या तर पालाश. कोवळ्या पानात शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टा आला तर जस्त. कणसाचा शेंडा रिकामा राहिला तर मात्र आधी पाणी तपासा. केस बाहेर पडताना रानाला ताण बसला, तर कुठल्याच खतानं तो शेंडा भरत नाही.