सुई टोचल्यानंतरचे महिने

कचरा वर्गीकरणाच्या पट्ट्यावर आम्ही यंत्राला जपून असतो, मागे येणाऱ्या गाडीला जपून असतो. सुईची धास्ती मात्र कमी, कारण ती दिसतच नाही. मला टोचली ती एका पिशवीत दडलेली, सिरिंजसकट. नळीत लालसर ओल स्पष्ट दिसत होती.

हातात मोजे होते, चांगले जाड, काचेला दाद न देणारे. पण काचेपासून वाचवणारा मोजा सुईपासून वाचवेलच असं नाही. मोज्यांसाठीच्या ईएन ३८८ या युरोपीय मानकात टोचण्याची चाचणी खिळ्यासारख्या जाड टोकाने होते. इंजेक्शनच्या सुईसाठी एएसटीएम एफ २८७८ ही वेगळी, अमेरिकी मानकाची चाचणी आहे. मोजे वाटताना हे कुणीतरी सांगायला हवं.

शेजारचा लगेच म्हणाला, "दाब, रक्त जाऊ दे." तसं करू नका. बोट पिळायचं नाही, चोखायचं नाही, ब्लीच लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बस. मी तेच केलं आणि मुकादमाला गाठलं. "कामाची पाळी संपल्यावर जा," तो म्हणाला. मी ऐकलं नाही. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. तिथे पाळी संपायची वाट कसली बघायची? निघण्याआधी अपघाताच्या वहीत नोंद मात्र करवून घेतली: वेळ, पट्ट्यावरची जागा, सुई कशी होती.

ती नोंद डॉक्टरांसमोर कामी आली. सुई कुणाची हे कळणार नव्हतं, त्यामुळे त्यांचे सगळे प्रश्न सुईबद्दलच होते. पोकळ होती का, रक्त दिसत होतं का, किती खोल गेली. सुई तपासायला आणायची का, असं मी विचारलं. नको, म्हणाल्या, तशा तपासणीचा भरवसा नसतो आणि ती नेताना आणखी कुणाला टोचायची. मग माझंच रक्त घेतलं. हा पहिला अहवाल जपून ठेवा. आधी आजार नव्हता हे त्यावरूनच सिद्ध होतं, आणि पुढे भरपाईची वेळ आली तर पहिला प्रश्न हाच येतो.

ताजं रक्त दिसल्यामुळे एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या सुरू केल्या: टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्राव्हिर, २८ दिवस, एकही न चुकवता. सुरुवातीला मळमळ फार. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा आजार, त्याची लस मी आधी घेतलेली होती. रक्तातली प्रतिपिंडं १० (मिली-आययू प्रति मिलिलिटर) च्या वर निघाली, म्हणजे संरक्षण होतं. लस नसती तर ती तिथेच सुरू करावी लागली असती, कदाचित इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही. हिपॅटायटिस सीला लस नाही. पण लागण झालीच तर गोळ्यांनी बहुतेक जण पूर्ण बरे होतात, हे डॉक्टरांनी नीट समजावलं आणि माझा जीव थोडा भांड्यात पडला.

खरी कसोटी त्यानंतरची. पुन्हा पुन्हा तपासण्या, आणि मधल्या काळात रक्तदान नाही, बायकोजवळ जाताना निरोध. हे घरी बोलणं मला सगळ्यात जड गेलं. पण डॉक्टरांचा कागद पुढे ठेवून बोललो, तेव्हा तिनेच पुढच्या तपासणीची तारीख लिहून घेतली.

सगळे अहवाल निर्दोष आले. आता पट्ट्याशेजारी सुयांसाठी आरपार न भोसकला जाणारा डबा आहे आणि लांब चिमटाही. दोन मागण्या मी लावून धरल्या. पहिली: हिपॅटायटिस बीच्या लसीच्या तीन मात्रा पूर्ण व्हायला साधारण सहा महिने लागतात, म्हणून ती भरतीच्या दिवशीच सुरू व्हावी, कंत्राटी माणसांनाही. दुसरी: मधल्या काळात नव्या माणसाला पिशव्या फोडायच्या जागी उभं करू नये. व्यवस्थापनाने पहिली गोष्ट मानली आहे, दुसरीवर बोलणी चालू आहेत.