आठवणीतला डोंगर

मंगळवार, रात्री ११

पंधराव्या शतकातला चिनी चित्रकार शेन झोऊ आज दिवसभर डोक्यातून गेला नाही. त्याच्याकडे ह्वांग गोंगवांग या जुन्या चित्रकाराची फूचुन डोंगरांची चित्रगुंडाळी होती, १३५० च्या सुमाराची. तिच्यावर चार ओळी लिहून घ्याव्यात म्हणून त्याने ती एकाकडे दिली, आणि त्या माणसाच्या मुलाने परस्पर लांबवली. पुढे ती विकायला आली, तर शेन झोऊला किंमत झेपेना. मग १४८७ साली, साठीला आल्यावर, त्याने ती आठवून काढली. सगळी. आठ मीटरांहून लांब.

मी आजीच्या घराचा जिना आठवून काढायला बसले, तर पायऱ्या किती तेच आठवेना. लहानपणी रोज मोजायचे. घर पाडलं त्याला बारा वर्षं झाली.

आपण 'नक्कल' म्हटलं की नाक मुरडतो, 'कित्ता' म्हटलं की चालतं. चिनी चित्रकारांचे शब्द आणखी नेमके. मुळावर कागद ठेवून गिरवणं म्हणजे 'मो', समोर ठेवून काढणं म्हणजे 'लिन', जुन्या माणसाच्या धाटणीत आपलं काढणं म्हणजे 'फांग'. सतराव्या शतकातला वांग ह्वे तर चित्रावरच लिहून टाकतो, अमक्याच्या धाटणीचं म्हणून. लपवाछपवी नाही. शेन झोऊचं यातल्या कशात बसवायचं? त्याच्यासमोर काही नव्हतंच.

जेवणं आटोपल्यावर मीही कुंचला घेतला. ह्वांगचे डोंगर लांब, सैल रेघांनी घडतात, तागाचे धागे सोडून पसरावेत तशा. ही रीत त्याच्या जवळजवळ चारशे वर्षं आधीच्या दोंग युआनची. मनगट सैल सोडून हात कोपरापासून हलवायचा, म्हणतात. माझा हात मध्येच थबकायचा आणि तिथेच शाई फुटायची. जुन्या वर्तमानपत्रावर अकरा डोंगर झाले, सगळे झोपेतून उठल्यासारखे, केस विस्कटलेले.

मूळ गुंडाळी १६५० साली तिच्या मालकाने मरणाच्या दारात असताना आगीत टाकायला लावली. पुतण्याने ओढून काढली, पण तोवर तिचे दोन तुकडे झाले होते. हातभर तुकडा हांगचौला आहे, मोठा तैपेईला. सुरुवातीचा भाग जळाला तो जळालाच. तो कसा असेल याचा अंदाज आता शेन झोऊच्या चित्रावरून बांधतात.

उद्या आईला फोन करायचा, पायऱ्या विचारायला.