तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळचा फ्रूट केक कधी करायला घ्यायचा?

नोव्हेंबर लागला की हा प्रश्न येतो आणि 20 डिसेंबरच्या आसपास पुन्हा येतो, या वेळी जरा घाईत: फ्रूट केक घरीच करायचाय, आता वेळ आहे का? त्याच्याच पाठोपाठ दुसरा: रम न घालता जमेल का? दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे. हातात किती दिवस आहेत ते आधी मोजा आणि त्यावरून केक ठरवा. महिनाभर मुरवायच्या केकची कृती दोन दिवसांत उरकायला गेलं की कोरडा, भुगा होणारा, नुसताच गोड केक पदरात पडतो. मग घरातली माणसं म्हणतात, आम्हाला फ्रूट केक आवडतच नाही. त्यांना बिचाऱ्यांना मुरलेला केक मिळालेलाच नसतो.

आधी मुरवायच्या केकचं सांगते, कारण खरं सामर्थ्य त्याच्यात आहे. ब्रिटनमध्ये अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळची तयारी म्हणून पाळल्या जाणाऱ्या चार रविवारांच्या काळाच्या, आधीच्या रविवारी नाताळचं पुडिंग कालवण्याची जुनी पद्धत आहे, म्हणजे नाताळच्या साधारण पाच आठवडे आधी. केकलाही तोच हिशेब लागू पडतो. भट्टीतून निघालेल्या केकमध्ये फळं ओली असतात आणि भोवतीचा केक त्या मानाने कोरडा. दिवस जातील तशी फळांतली ओल आणि साखर केकमध्ये झिरपते, लवंग-जायफळाचा तिखटपणा निवळतो, रमचा उग्र वास ओसरतो. तीन आठवडे तरी द्याच.

आता फळं. 18 सेंटिमीटरच्या, म्हणजे 7 इंची खोलगट गोल भांड्यासाठी एकूण 600 ग्रॅम फळं लागतात. काळे बेदाणे 200, सोनेरी बेदाणे 150, बिया काढलेला खजूर 100, जर्दाळू 50, पाकवलेली संत्र्याची साल 60 आणि चेरी 40. बियांचा मनुका घेतलात तर प्रत्येक बी काढावी लागेल, एकही राहिली तर दाताखाली येते. सुकं अंजीर मी घालत नाही, त्याच्या बिया मऊ केकमध्ये कचकचतात. टुटीफ्रुटी रंगाला छान दिसते, पण ती कच्च्या पपईची आणि स्वतःची चव नसलेली असते. तिची जागा संत्र्याच्या सालीला द्या.

बेदाणे धुतल्याशिवाय भिजवू नका. सांगली-तासगावकडे द्राक्षं सुकवण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. त्यामुळे सालीवरचा मेणचट थर सुटतो आणि द्राक्षं लवकर सुकतात. त्यातलं थोडं तेल बेदाण्यावर राहिलं असेल तर रम आत शिरायला वेळ लागतो. कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा आणि सुती कापडावर पसरून पूर्ण कोरडे करा. ओलेच भिजवले तर रम पातळ होते आणि फळं टिकत नाहीत.

संत्र्याची साल घरी पाकवायला नागपुरी संत्र्यासारखं फळ नाही. साल सैल सुटते, आतला पांढरा भाग कमी असतो, आणि आंबिया बहराची संत्री ऐन नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात येतात. साल 10 मिनिटं उकळून पाणी फेकून द्या आणि असं तीनदा करा, म्हणजे कडवटपणा माफक राहतो. मग निथळलेल्या सालीच्या वजनाइतकी साखर आणि त्याच्या निम्मं पाणी घालून साली पारदर्शक होईपर्यंत मंद आचेवर ठेवा. रात्रभर पाकातच राहू द्या. सकाळी निथळून बारीक चिरा. उरलेला पाक चहात किंवा शिऱ्यात घाला, फेकू नका.

सगळी फळं बेदाण्याएवढी चिरा. मोठे तुकडे राहिले की कापताना केक तिथेच फाटतो. काचेच्या बरणीत 120 मिली डार्क रम ओतून रोज एकदा बरणी उलटीसुलटी करा. तीन दिवस किमान, दोन आठवडे उत्तम. वर्षभर फळं भिजवणारी घरं आहेत, पण माझ्या मते महिन्यानंतर चवीत फारसा फरक पडत नाही, फळं मात्र गळून जातात. लोणच्याची बरणी कितीही घासली तरी यासाठी वापरू नका. आणि करायच्या दिवशी बरणीच्या तळाला रम उरली असेल तर ती गाळून बाजूला ठेवा. ती मिश्रणात गेली तर मिश्रण पातळ होऊन फळं खाली बसतात.

केकचा गडद रंग कॅरमेलचा असतो. 75 ग्रॅम साखर जाड बुडाच्या पातेल्यात कोरडीच वितळवा. रंग काळ्या चहासारखा होऊन धुराची पहिली रेघ दिसली की गॅस बंद करा, कारण पातेल्याच्या उष्णतेने साखर पुढेही जळत राहते. लगेच 50 मिली उकळतं पाणी हळूहळू, अंग लांब ठेवून घाला. थंड पाणी घातलं तर साखरेचा गोळा होतो आणि शिंतोडेही जास्त उडतात. चाखून कडू लागलं तर सरळ टाकून द्या आणि पुन्हा करा. जळकी चव मुरवून जात नाही.

बाकी साहित्य असं: बिनमिठाचं बटर 150 ग्रॅम, ब्राउन शुगर 125 ग्रॅम, अंडी 3, मैदा 175 ग्रॅम, सालासकट बदामाची पूड 40 ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, मीठ पाव चमचा. मसाल्याला दालचिनी पूड 1 छोटा चमचा, सुंठ अर्धा, जायफळ पाव आणि 4 लवंगांची पूड. खारं बटर असेल तर मीठ वगळा. बटरमध्ये साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो, म्हणून तूप वापरायचं तर 120 ग्रॅमच घ्या. ब्राउन शुगरच्या जागी निम्मा गूळ चालतो. सगळाच गूळ घातला तर केक जड होतो आणि मसाला गुळाखाली दबतो.

बटर आणि साखर चारपाच मिनिटंच फेटा. स्पंजसारखं हलकं करायची गरज नाही, कारण इतकी फळं पेलायला केक घट्टच हवा. अंडी एकेक करून घाला, आणि फ्रिजमधली थेट नको. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात ही चूक हमखास होते: गार अंड्याने बटर गोठतं आणि मिश्रण फाटतं. फाटलंच तर भांडं मिनिटभर कोमट पाण्यात धरा, एक चमचा मैदा घाला आणि फेटा, बहुतेक वेळा सावरतं. मग गार झालेलं कॅरमेल, मग चाळलेला मैदा-बदाम-मसाला हलक्या हाताने, आणि सगळ्यात शेवटी फळं. मिश्रण चमच्यातून आपणहून पडता कामा नये, झटकावं लागलं पाहिजे.

फळं तळाला का बसतात, हे फार जण विचारतात. मैद्यात घोळवण्याचा उपाय सगळे सांगतात, पण त्याने थोडाच फरक पडतो. खरी कारणं म्हणजे पातळ मिश्रण, मोठे ओले तुकडे आणि जास्त बेकिंग पावडर. आणखी एक कारण लक्षात येत नाही, ते म्हणजे फळं कमी असणं. वरच्या प्रमाणात फळं इतकी दाटीने असतात की खाली जायला जागाच नसते.

भांड्याला आतून बटर पेपरचे दोन थर लावा, काठापेक्षा 2 इंच उंच. मिश्रण भरून मध्ये चमच्याच्या पाठीने थोडा खळगा करा, म्हणजे केक फुगून घुमटासारखा होत नाही. ओटीजी, म्हणजे घरगुती विजेची छोटी भट्टी, असेल तर सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवा आणि कागद तापणाऱ्या दांड्यांना कुठेही टेकत नाही ना, हे पाहा. पहिला तास 150 अंश, मग 140 अंशावर साधारण सव्वा तास. दीड तासानंतर वरून रंग पुरेसा वाटला की फॉइल सैल झाका. पंख्याची भट्टी असेल तर, विशेषतः परदेशातल्या घरांत, दोन्ही टप्प्यांत 15 ते 20 अंश कमी ठेवा. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत बराच फरक असू शकतो, त्यामुळे आत ठेवायचा साधा तापमापी घेतलेला बरा. कडा करपल्या आणि मध्य कच्चा राहिला, तर दोष जवळजवळ नेहमी जास्त आचेचा असतो.

झाला की नाही हे सुरीवरून नीट कळत नाही, कारण ती खजुरात घुसली तर चिकटच निघते. दोनतीन ठिकाणी टोचा. शिवाय कान जवळ नेऊन ऐका: कच्च्या केकमधून बारीक सूं-सूं आवाज येत राहतो आणि तो जवळपास थांबला की केक झाला. मधोमध 96 ते 98 अंश भरले तर शंकाच नको.

केक भांड्यातच गार होऊ द्या. गार झाल्यावर विणकामाच्या सुईने टोचून 2 मोठे चमचे रम मुरवा. पुढे दर आठवड्याला एकदा 1 चमचा पुरे, आणि कापायच्या आधीचा आठवडा काहीच नको. हौसेने रोज रम पाजली की केक लगदा होतो आणि मद्याशिवाय कसलीच चव राहत नाही. आधी बटर पेपरमध्ये गुंडाळा, त्यावर फॉइल, मग घट्ट झाकणाचा डबा. फॉइल थेट केकला लावू नका, फळांच्या आंबटपणाने अ‍ॅल्युमिनियम खराब होतं.

रम नको असेल तर आठवडाभरात संपवायचा केक निवडा. 120 मिली संत्र्याचा रस किंवा कडक कोरा चहा फळांसोबत 5 मिनिटं गरम करा, गार झाल्यावर एक रात्र फ्रिजमध्ये भिजवा आणि दुसऱ्याच दिवशी केक करा. चहाने रसापेक्षा जास्त खोली येते, गोडपणाही थोडा दबतो. रसातली फळं बाहेर दिवसेंदिवस ठेवू नका. बुडबुडे किंवा आंबूस वास आला तर ती टाकायची. हा केक 23 तारखेला करा, दोन दिवस बाहेर आणि नंतर फ्रिजमध्ये. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर तो बाहेर ठेवायचा विचारच करू नका, बुरशी पटकन धरते. महिनाभर मुरवण्याचं काम फक्त मद्य आणि साखर मिळून करतात, रस ते करू शकत नाही.

अगदी दोनच दिवस उरले असतील तर उकळलेल्या फळांचा केक. 400 ग्रॅम फळं, 115 ग्रॅम बटर, 125 ग्रॅम साखर आणि 200 मिली पाणी किंवा रस 5 मिनिटं उकळा. पूर्ण गार करा, मग 2 अंडी, 200 ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा सोडा आणि वरचाच मसाला. 160 अंशावर तासभर ते 70 मिनिटं. मिश्रण कोमट असताना अंडी घातली तर ती शिजून गुठळ्या होतात, घाई करायची नाही ती इथेच.

चवीत बदल हवा असेल तर अलाहाबादी पद्धत करून पाहा. तिथे पेठा, मुरंब्याच्या धाटणीचं संत्र्याचं मार्मलेड, तूप, जायपत्री, बडीशेप आणि सुंठ घालतात, आणि कित्येक घरं आपलं साहित्य घेऊन बेकरीत जाऊन केक भाजून आणतात. मराठी जिभेला हा केक लगेच ओळखीचा वाटतो. पेठा फार ओला असेल तर चिरून तासभर चाळणीत निथळा, नाहीतर त्याच्याभोवती केक कच्चा राहतो.

बिनअंड्याचा केक करणाऱ्यांनी फळं 400 ग्रॅमवर आणावीत. इतकी फळं बांधून ठेवण्याचं काम अंडं करतं, ते नसेल तर काप सुटतात. 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क घ्या आणि ब्राउन शुगर 50 ग्रॅमवर आणा. मैदा 200 ग्रॅम करा, सोबत 100 मिली दूध, 1 छोटा चमचा व्हिनेगर आणि बेकिंग पावडरच्या जोडीला अर्धा छोटा चमचा सोडा.

कापताना दातेरी सुरी घ्या आणि दाब न देता करवतीसारखी चालवा. दर कापानंतर सुरी ओल्या फडक्याने पुसा. काप बोटभर जाडीचाच ठेवा, त्याहून पातळ कापला तर चेरीपाशी तुटतो.