तपकिरी कल्ले

मे महिन्यात माझ्या शोभेच्या माशांच्या दुकानात येणाऱ्या निम्म्या फोनांची सुरुवात एकाच वाक्याने होते, "मासे वर येऊन तोंड मारूलालेत ओ." सोलापुरात पारा 42-43 वर गेला की घरातली काचेची टाकीही तापते, आणि पाणी जेवढं तापेल तेवढा त्यात प्राणवायू कमी मावतो. 25 अंशाला लिटरमागे 8 मिलीग्रॅमच्या आसपास, 35 ला 7 च्याही खाली. त्यात गरम पाण्यात माशाला प्राणवायू लागतो जास्त. त्यामुळे माझं उत्तर पाठ झालेलं आहे : टाकीचा लाईट बंद, खाणं बंद, दुसरा पंप लावा, बर्फ झालेली बाटली बूच लावून पाण्यात सोडा.

अशोक चौकाच्या पुढे राहणाऱ्या एका अण्णांनाही मी हेच सांगितलं. संध्याकाळची वेळ, दुकानात गर्दी, मी फोन खांद्याला लावून एकाला गप्पी मोजून देत होतो. पुढे काही विचारलंच नाही.

सकाळी सातला परत फोन. "काळा मूर गेला. बाकीचे पण जाणार बघा." काळा मूर म्हणजे फुगीर डोळ्यांचा काळा गोल्डफिश.

गेलो. मागच्या खोलीत टॉवेलचे लूम चालू होते, त्या खडखडाटात माणसाशीही ओरडूनच बोलावं लागतं. पुढच्या खोलीत 3 फुटी टाकी. दोन पंप जोरात चाललेले, दोन्ही कोपऱ्यांतून बुडबुड्यांचे लोट. थर्मामीटर 31 वर, म्हणजे बर्फाच्या बाटल्यांनी काम केलं होतं. पाणी इतकं नितळ की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यावं. आणि तरी पाचही गोल्डफिश पृष्ठभागाला चिकटलेले, कल्ले फडफड हलतायत.

इथे माझी पाटी कोरी झाली. एवढी हवा सोडून मासा गुदमरतो कसा? नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं, म्हणून आधी तेच विचारलं. अण्णा म्हणाले, पाणी आठ-दहा दिवसांत बदललेलंच नाही. कल्ल्यांवरचे किडे म्हणावेत, तर मासे दगडाला अंग घासत नव्हते.

मग एक मोठा मासा जाळीत घेतला, हात ओला करून तळव्यावर धरला आणि नखाने कल्ल्याचं झाकण अलगद उचललं. आत डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल रंग दिसायला हवा. दिसला तो चहाच्या चोथ्याचा. दुसरा मासा काढला, तोच रंग.

हवेचा प्रश्नच नव्हता. हा नायट्राइटचा मार होता. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिन असं बदलून टाकतं की त्याला प्राणवायू धरताच येत नाही. रक्त तपकिरी पडतं. मग दोन काय, दहा पंप लावा. पिशवीतलं टेस्ट किट काढलं, थेंब टाकले, नळी जांभळी झाली, म्हणजे नायट्राइट भरपूर.

"टाकी कोणी साफ केली?"

अण्णांचा मुलगा दाराआडून पुढे आला, आठवी-नववीतला असेल. घरात लग्नाचे पाहुणे येणार म्हणून दहा दिवसांपूर्वी त्याने टाकी चकचकीत केली होती. खडे घासले, उन्हात वाळवले. फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढराफेक केला. नवीन पाण्यात क्लोरीन मारणारे अँटीक्लोरीनचे थेंबही न विसरता टाकले होते. पोराने काम खरंच मन लावून केलं होतं, पण त्या स्पंजात आणि खड्यांवरच माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट, जे माशाला फारसं बाधत नाही. सगळे धुऊन गेले की पहिले त्यातल्या त्यात लवकर परततात, दुसरे रेंगाळतात, आणि मधल्या दिवसांत नायट्राइट साचत राहतं. पाणी मात्र आरशासारखं.

आता निम्मं पाणी तरी बदलायला हवं होतं. इथे आपल्या गावाची चार-पाच दिवसांआडची नळाच्या पाण्याची पाळी पहिल्यांदाच माझ्या कामी आली. अंगणात उघडं पिंप भरलेलं होतं, तीन दिवसांचं पाणी, क्लोरीन बहुतेक उडून गेलेलं. तरी अँटीक्लोरीनचे थेंब टाकलेच. मग स्वयंपाकघरातून खडे मीठ मागितलं. दगड-खडे वजा जाता टाकीत 90 लिटर पाणी धरलं, लिटरमागे 1 ग्रॅमने 90 ग्रॅम मीठ मगात विरघळवून हळूहळू सोडलं. मिठातला क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटशी धक्काबुक्की करतो, त्याला आत शिरू देत नाही.

"ही काय समुद्रातली मासळी आहे का?" घरातल्या अव्वा दारातून म्हणाल्या.

त्यांचा खरा संताप पुढे होता. मी दुकानात जाऊन माझ्या जुन्या टाकीतला स्पंज घेऊन आलो. त्या टाकीत सहा महिन्यांत नवा मासा टाकलेला नाही, त्यामुळे रोग यायची भीती कमी. तो काळाकुट्ट, बुळबुळीत गोळा मी त्यांच्या स्वच्छ टाकीत लावला आणि पाण्यात तपकिरी ढग पसरला. अव्वा तेलुगूत जे बोलल्या ते अण्णांनी मला मराठीत सांगितलं नाही.

संध्याकाळी परत गेलो. तीन मासे मध्यावर उतरले होते, दोन अजून वरच. दुसऱ्या दिवशी चौथा उतरला. पाचवा, शेपटीवर पांढरा डाग असलेला, तिसऱ्या दिवशी दुपारी. तोवर रोज थोडं पाणी बदलायचं, बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ परत टाकायचं आणि खाणं बंद, हे सगळं त्या पोरानेच केलं, वहीत वेळ लिहून.

आठवड्याने हिशेबाला गेलो तेव्हा अण्णांनी विचारलं, "त्या घाणेरड्या स्पंजचे किती?" स्पंजचे घेतले नाहीत. फेरीचेही नाहीत. काळा मूर माझ्या फोनवरच्या उत्तरानेच गेला होता, पण ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.