गावकीची खोली आणि टाटाची रांग

बुधवार, रात्री

आमच्या वर्गातल्या मिझो पोरांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. त्यात मीम्स वगैरे काही नसतं. कोणाचं विमान कधी उतरतंय, कोणाला रक्त लागणार आहे, सकाळी परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या रांगेत कोण उभं राहणार, रात्री कोण थांबणार, एवढंच. पेशंट त्यांच्या नात्यातले नसतात, बहुतेकदा गावचेही नसतात. मिझोराममधून आलेत एवढं पुरतं. पन्नाशी-साठीच्या पुढच्या बऱ्याच मिझो माणसांना हिंदी येत नाही, त्यामुळे डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला कोणीतरी बरोबर लागतंच. देशात कॅन्सरचं प्रमाण जिथे सर्वांत जास्त आहे त्या जिल्ह्यांत त्यांच्या राजधानीचं, आयझॉलचं नाव कायम वरच असतं. तंबाखू हे त्यातलं मोठं कारण. 2025 च्या सप्टेंबरपर्यंत आयझॉलच्या जवळपास रेल्वेसुद्धा पोचली नव्हती. म्हणजे तोवर इथवर यायचं तर एकतर विमान, नाहीतर डोंगर उतरून आसाम गाठायचं आणि मग पुढची गाडी.

आज त्यातल्या एका मैत्रिणीबरोबर मीही गेले. (नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही.) परळमध्ये राहणाऱ्या माणसाने "टाटाला जातेय" म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, म्हणून आईला आधी फोन करून सांगितलं, मला काही झालेलं नाही.

दुपारभर खिडक्या, कागद, पुन्हा खिडक्या. तिथल्या मावशींशी, वॉर्डबॉयशी मराठीत बोलले की कामं पटकन होतात हे तिच्या लक्षात आलं. उद्यापासून मला ग्रुपवरच्या पाळ्यांच्या तक्त्यात घालणार असं दिसतंय.

गुरुवार

कालपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. टाटा हॉस्पिटल 1941 सालचं. आमची चाळ त्याच्याही आधीची, म्हणजे होती. आता तिथे टॉवर आहे. आमच्या घरातल्या तीन पिढ्या त्या हॉस्पिटलच्या आसपास वाढल्या. समोरच्या फुटपाथवर निळी ताडपत्री लावून राहणारी बिहार-बंगालची कुटुंबं, नाकात नळी असलेली मुलं, स्टोव्हवर भात, हे सगळं मी शाळेत जाता-येता पाहिलंय. आई हात धरून भराभर पुढे न्यायची आणि म्हणायची, "तिकडे बघू नये गं." वाईट हेतूने नाही. दुसऱ्याच्या दुःखाकडे टक लावून पाहू नये, ही तिची सभ्यता. पण त्याचा परिणाम असा की मी खरंच बघायचे नाही.

आणि हीच आई चाळीत कोणी गेलं तर काय करायची! पहाटे तीनला जरी रडणं ऐकू आलं तरी पाच मिनिटांत गॅलरी भरलेली. एक जण डॉक्टरच्या दाखल्यासाठी धावला, एक मयताचं सामान आणायला, एक जण गावाला फोन लावत बसला. त्या घरातली पोरं उचलून आमच्या खोलीत, झोपेतच. भोईवाड्याच्या स्मशानातून माणसं परत येईपर्यंत शेजारणीकडे पिठलं-भात तयार, कारण त्या घरात चूल पेटायची नाही. हे मला कोणी शिकवलं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत दार लावून घेणं शक्यच नव्हतं, त्यामुळे कोणाचं काय चाललंय हे सगळ्यांना कळायचंच, आणि कळलं की उठावं लागायचं.

तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, अगदी आमच्यासारखं. त्यांच्याकडे यंग मिझो असोसिएशन आहे, 1935 साली सुरू झालेली. वस्तीत कोणी वारलं की लाउडस्पीकरवर सांगतात, तरुण पोरं कबर खणायला जातात आणि त्या घरी रात्री लोक जमून गाणी म्हणतात. घरच्यांना एकटं सोडायचं नाही. तिचा भाऊ, जो तिच्या मते एरवी पाण्याचा पेलासुद्धा उचलत नाही, तोही फावडं घेऊन जातो. गेला नाही तर लोक काय म्हणतील? हे ऐकून मला बरं वाटलं, कारण आमच्या गॅलरीतही निम्मी माणुसकी आणि निम्मी "लोक काय म्हणतील" असायचं. याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

शनिवार

आज आजीसमोर तिला बसवलं. आजीचं हिंदी दूधवाल्यापुरतं, तिचं मराठी शून्य. तरी दोन तास गप्पा.

तिने दुकानदार नसलेल्या दुकानांबद्दल सांगितलं. आयझॉलहून निघाल्यावर सेलिंगच्या बाजूला हमरस्त्यावर बांबूच्या टपऱ्या असतात. भाजी, फळं ठेवलेली, किंमत लिहिलेली, बाजूला पैशाचा डबा. गिऱ्हाईक पैसे टाकतं, सुटे घ्यायचे तर घेतं आणि जातं. आपल्याकडे हे व्हिडिओ "बघा किती प्रामाणिक लोक" म्हणून फिरतात. मला त्यापेक्षा तिने दिलेलं कारण आवडलं. शेत उतारावर, लांब. दिवसभर टपरीवर बसलं तर शेत कोण बघणार? बसायला माणूस नाही, म्हणून डबा ठेवला. विश्वास मागाहून मुरला असावा. आपण नेहमी उलटं धरतो, आधी संस्कार आणि मग वागणं.

दुसरी गोष्ट मुठीची. मिझो घरांत स्वयंपाकाला तांदूळ काढताना दर वेळी एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकतात. ती चर्चकडे जाते. 1910 पासून चाललंय. हे मी आजीला समजावून सांगते न सांगते तोच आजी म्हणाली, "मग? आम्हीपण काढायचो की." आजीचं माहेर कराडजवळ. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, त्यांच्या बोर्डिंगातल्या पोरांसाठी घरोघरची मूठ जमा व्हायची. आजीचा भाऊ त्याच बोर्डिंगात शिकला. "आमचीच मूठ फिरून आमच्याच पोराच्या ताटात," असं म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग गावकीची खोली निघाली, आणि तिथे मिझो बाईसाहेब कान टवकारून बसल्या. आमच्या चाळीत तळमजल्यावर गावकीची, म्हणजे एका गावच्या माणसांची सामाईक, खोली होती. पाळ्या करणारे गिरणीतले वीस-पंचवीस बाप्ये एकाच खोलीत. भिंतीला ट्रंका, कोपऱ्यात वळकट्या. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. गावाहून कोणीही आलं, नोकरीला, दवाखान्याला, कोर्टाच्या तारखेला, तरी पथारी तिथेच. आजोबा साचेखात्यात होते, ते लग्नाआधी तिथेच राहायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा त्याच खोलीतल्या मंडळाने गावाहून ज्वारी आणून वाटली होती.

म्हणजे टाटाच्या रांगेतला तो व्हॉट्सॲपचा तक्ता काही जगावेगळा नाही. ती त्यांची गावकीची खोली आहे. आमची पन्नास वर्षांपूर्वी होती, कारण तेव्हा आम्ही या शहरात नवे होतो. आता आम्ही इथले झालो, गावाहून येणारा ओला-उबर करून लॉजवर उतरतो, आणि आम्ही चोविसाव्या मजल्यावर सेफ्टी डोअर लावून घेतो.

हे तिला पटलं नाही. "तुमची खोली तुमच्या गावच्यांची. फुटपाथवरची माणसं कोणाच्या गावची?" असं सरळ विचारलं. मीही सोडलं नाही. म्हटलं, तुमच्याकडे यायला मला इनर लाइन परमिट लागतं, इंग्रजांच्या 1873 च्या कायद्यातून आलेलं. दारावर पाटी लावणारे फक्त आम्हीच का? ती म्हणाली, परमिट आहे म्हणून आम्ही उरलो तरी, त्रिपुरात बघ, मूळचे लोकच अल्पसंख्य झाले. हे मला मान्य करावं लागलं. पण आमच्या वर्गातला मध्य प्रदेशचा मुलगा तिथे फील्डवर्कला गेला होता, त्याला बाहेरचा म्हणून कसं वागवलं हेही तिला ऐकवलं.

आणि आमच्या गॅलरीचं कौतुक करताना एक गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली. कोणत्या जातीची माणसं कोणत्या चाळीत, हे मध्य मुंबईत सगळ्यांना ठाऊक असायचं. 1974 च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत शिवसेना आणि दलित पँथरची दंगल झाली तेव्हा एकमेकांवर दगड टाकणारेही असल्याच उघड्या दारांच्या खोल्यांत वाढलेले होते. उघडं दार कोणासाठी उघडं, हे चाळ शिकवत नाही असं नाही. फार बारकाईने शिकवते.

आजी म्हणाली, "गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे ना दादरला, टाटाच्या पेशंटांसाठी?" आहे. मी तिथून शेकडो वेळा गेलेय. गाडगेबाबांनी नातं-गाव-जात काही विचारलं नाही, पण ते बाबा होते. साध्या माणसाला कुठून तरी धागा लागतो, भाषेचा, गावाचा, चर्चचा. धागा वाईट नाही. फक्त तो किती लांब सोडायचा हे आपल्या हातात असतं, आणि ते घरात कोणी बोलून दाखवत नाही.

रविवार, दुपार

पुढच्या आठवड्यात एक जोडपं येतंय, नवऱ्याची किमो आहे. धर्मशाळेत नंबर लागेपर्यंत चार दिवस सोय हवी. तक्त्यात त्या चार दिवसांसमोर कोणाचंच नाव नव्हतं. आमची आतली खोली रिकामी असते. आईने लगेच हो म्हटलं, आणि पेशंटला मऊ भात चालेल ना, तिखट किती, हेही विचारून घेतलं. बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न ठेवता म्हणाले,

"कुठल्या गावची माणसं?"

"चंफाई."

"तालुका?"