टीबी नाही, मग काय?

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात खोकला घेऊन दवाखान्यात गेलात की आधी थुंकीची डबी हातात पडते. पडायलाच हवी, टीबी इथे आहेच. अडचण त्यानंतर सुरू होते. रिपोर्ट निगेटिव्ह आला की खोकल्याचं औषध, पाच दिवसांच्या गोळ्या आणि ‘बरं वाटलं नाही तर या’. आईला बरं वाटायचं नाही, आम्ही पुन्हा जायचो, पुन्हा डबी. मधे बाजाराच्या गावातला एक खासगी डॉक्टर इंजेक्शन द्यायचा. दोन दिवस छाती मोकळी, मग परत घरघर. सुईत काय होतं ते त्याने कागदावर कधी लिहिलं नाही.

आईने जन्मात विडी ओढलेली नाही. त्यामुळे विडीचा प्रश्न झाला की विषय तिथेच संपायचा. दिवसाचे कितीतरी तास बंद खोपीत चुलीपुढे जातात, हे कोणी विचारायचंच नाही.

ते विचारलं आमच्या आशाताईंनी, आणि तेही फॉर्ममध्ये रकाना होता म्हणून. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म भरतात, म्हणजे घरोघर जाऊन आजारांचा धोका तपासायची प्रश्नावली. लोकांना तो बीपी-शुगरचा वाटतो. पण त्यात धाप लागते का हेही विचारलेलं असतं, आणि स्वयंपाकाला काय जाळता हेही: लाकूड, काडीकचरा, शेण्या, कोळसा, रॉकेल की गॅस. इंधनाचा हा भाग सीओपीडीसाठी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होत जाणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजारासाठी आहे. आशाताईंना घरोघर इतके कागद भरावे लागतात की असे रकाने घाईत उरकले जातात, आणि त्यात त्यांचा दोष मी धरत नाही. आमचा मात्र नीट भरला गेला. उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनी ‘लाकूड’ आणि ‘धाप’ या दोन खुणा एकत्र वाचल्या आणि चिठ्ठी लिहिली: स्पायरोमेट्रीसाठी, म्हणजे फुंकून फुप्फुसं तपासायला, नंदुरबार.

ज्यांना जायचंय त्यांनी थुंकीचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवावा. टीबीचा संशय असताना ही फुंकायची तपासणी करत नाहीत, कारण जोरात फुंकल्याने जंतू हवेत उडतात. आमचा रिपोर्ट जुना निघाला आणि आम्ही हात हलवत परत आलो. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की रस्ताच बंद होतो, तेव्हा असा एक हेलपाटा म्हणजे रोजही बुडतो आणि भाडंही जातं.

तपासणीचा दिवस मात्र लक्षात राहिला. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि तंत्रज्ञ म्हणतोय, “मावशी, जोरात फुंका!” आईने फुंकलं. थोडं, थांबून परत थोडं, मग आणखी थोडं. फुंकणीने चूल पेटवणारी बाई अशीच फुंकते, धूर डोळ्यात जाऊ नये म्हणून. मशीनला हवी असते एकच लांब फुंक, पोटभर श्वास घेऊन, छाती रिकामी होईपर्यंत, निदान सहा सेकंद. आणि सारख्याच ताकदीच्या तीन तरी. तंत्रज्ञाने ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असं लिहायला पेन उचललं. मी म्हटलं, दादा, मला शेजारी उभं राहू द्या. मग मी आमच्या पावरी बोलीत सांगत, हाताने दाखवत, ‘अजून, अजून, अजून’ करत राहिलो आणि आलेख नीट आला. नंतर श्वासाच्या पंपाचं (इनहेलरचं) औषध दिलं, पंधरा मिनिटं बसवलं आणि परत फुंकायला लावलं.

पहिल्या सेकंदात बाहेर येणारी हवा आणि एकूण हवा यांचं गुणोत्तर बघतात. पंपानंतरही ते ०.७० च्या खाली राहिलं तर श्वासनळ्या कायमच्या अरुंद झाल्यात. आईचं ०.५४ आलं. डॉक्टर म्हणाले, “सीओपीडी आहे, धुराने झालंय. पूर्ण बरं नाही होणार, पण चालता येईल, झोपता येईल.” बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९३ होता, म्हणून घरी ऑक्सिजन लागला नाही. तो ८८ किंवा त्याखालीच राहू लागला तर दिवसाला पंधरा तास मशीन लावावी लागते. आमच्या पाड्यावर वीज सलग पंधरा तास राहिली तर ती बातमीच व्हायची.

औषध मिळालं ते कॅप्सूल फोडून त्यातली भुकटी श्वासाने ओढायचं. ते जोरात ओढावं लागतं आणि तेवढा दम तिच्यात नव्हता. भुकटी अर्धी कॅप्सूलमध्येच चिकटून राहायची, पावसाळी हवेत तर जास्तच. हे कळलं कारण सीएचओ मॅडमनी तिला समोर बसवून ओढायला लावलं आणि रिकामी कॅप्सूल उघडून बघितली. एवढी साधी गोष्ट आधी कोणी केली नव्हती. मग त्याऐवजी दाबायचा पंप आणला, पण स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली औषध साठवणारी नळी, नव्हता. मॅडमनी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेतली, तापवलेल्या तारेने बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडलं आणि कडेने चिकटपट्टी लावली. बुडाकडून पंप दाबायचा, बाटलीच्या तोंडाने श्वास घ्यायचा. मला तो जुगाड वाटला होता. पण दक्षिण आफ्रिकेत दमा असलेल्या मुलांवर अशी बाटली तपासून पाहिली आहे, १९९९ साली, आणि ती विकतच्या स्पेसरइतकीच चालली. बाटली साबणाच्या पाण्यात धुवायची, फडक्याने पुसायची नाही, तशीच वाळू द्यायची. पुसलं की प्लास्टिकला औषध चिकटतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते स्थलांतराने. दिवाळीनंतर भाऊ-वहिनी ऊसतोडीला गुजरातेत जातात, आई नातवंडांसाठी सोबत, परत होळीला. औषध मिळतं एका महिन्याचं. खिडकीवर हुज्जत घालून उपयोग नाही. डॉक्टरांकडूनच केसपेपरवर ‘कामासाठी बाहेरगावी जाणार, होळीपर्यंतचं औषध द्यावे’ असं लिहून घेतलं, तेव्हा पंप मिळाले. जाताना स्पायरोमेट्रीच्या कागदाची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून दिली, म्हणजे तिकडचा डॉक्टर पुन्हा डबीपासून सुरुवात करणार नाही.

घरात उज्ज्वलाची टाकी आहे, पण भरून आणायची म्हणजे पैसेही लागतात आणि गाडीभाडंही. भाकरी अजून चुलीवरच होते. फक्त चूल पडवीत आणली आणि भिंतीला वरून फट ठेवली.

आता शेजारची काकी विचारत होती. तिचाही खोकला जुना आहे, थुंकीचा नमुना गेलाय. निगेटिव्ह आला तर तो रिपोर्ट ताजा असतानाच तिला नंदुरबारला नेणार आहे.