फ्रीझरमधली फळं आणि खानदेशातला उन्हाळा : माझा अनुभव

खानदेशात फळांचं आणि तहानेचं वेळापत्रक जुळत नाही. सीताफळ येतं दसरा-दिवाळीला, पपई हिवाळ्यात स्वस्त, आणि गार काही खावंसं वाटतं ते जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर गेल्यावर. केळी तेवढी बारमाही. पण भाव पडला की घरात फण्याच्या फण्या येऊन पडतात आणि चार दिवसांत काळ्या होतात. म्हणून फळ ज्या दिवशी मुबलक आणि नेमकं पिकलेलं असतं, त्याच दिवशी मी ते गोठवून टाकतो.

आधी फ्रीझरचं बघावं, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं. फळ टिकायला उणे १८ अंश लागतात. एका दाराच्या फ्रिजमधला वरचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नाही. त्यात फळ दोन-तीन आठवडे ठीक राहतं, सहा महिने नाही. थर्मामीटर नसेल तर विकतच्या आइस्क्रीमचा कप रात्रभर ठेवून बघावा. सकाळी चमचा सहज रुतला तर त्या कप्प्यात दिवाळीचं सीताफळ एप्रिलपर्यंत ठेवू नये.

दुसरी चूक एकदम भरण्याची. दोन दारांच्या फ्रिजचा फ्रीझर साधारण ६० लिटरचा असतो. त्यात एका दिवसात दोन-अडीच किलोच्या वर ताजं फळ घालू नये. पाच किलो घातलं तर सगळंच हळूहळू गोठतं, आणि हळू गोठणं हेच फळ पिचण्याचं कारण. पाणी सावकाश गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फोडतात, आणि वितळल्यावर फळाचा लगदा व खाली पाणी उरतं. झटकन गोठलं तर स्फटिक बारीक राहतात. म्हणून कापलेलं फळ आधी दोन तास खालच्या कप्प्यात गार करायचं आणि रात्री जेवणं उरकल्यावर फ्रीझरमध्ये टाकायचं. मे महिन्यात दुपारी स्वयंपाकघरच तापलेलं असतं, व्होल्टेज पडलेलं असतं, दार सारखं उघडत असतं. त्या वेळी फ्रिजकडून जादा कामाची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे आणि गॅसच्या ओट्यापासून लांब असला तर फरक लगेच कळतो.

आता केळी. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर-यावलकडे आज बहुतेक बागा ग्रँड नैनच्या, म्हणजे सगळे म्हणतात त्या जी-नाइनच्या. हे केळ गोठवायला चांगलं आहे, पण पिकण्याची पायरी सांभाळावी लागते. नुसतं पिवळं, देठाशी हिरवट असलेलं केळ गोठवलं तर पिठूळ आणि तुरट लागतं, कारण त्यातल्या स्टार्चची साखर अजून पुरती झालेली नसते. फ्रीझरमध्ये पिकणं थांबतं, पुढे काही सुधारत नाही. सालीवर तपकिरी ठिपके पडलेले, पण गर घट्ट, असं केळ घ्यायचं. वादळात आडव्या झालेल्या बागेतला कोवळा घड फुकट मिळाला तरी या कामाचा नाही. पिकवला तरी गोडी येत नाही. त्याचे वेफर्स करावेत.

साल काढूनच गोठवायचं. सालीसकट ठेवलं तर साल काळी पडून गराला चिकटते आणि सोलताना बोटं बधिर होतात. सहा केळ्यांच्या दीड सेंटीमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात. एक चमचा लिंबाचा रस दोन चमचे पाण्यात मिसळून त्यावर हलक्या हाताने फिरवावा. केळं तपकिरी पडतं ते हवेतला ऑक्सिजन आणि फळातलं एन्झाइम यांच्यामुळे. गारठ्याने ते एन्झाइम मंदावतं, मरत नाही, आणि लिंबाच्या आंबटपणाने आणखी दबतं. जास्त लिंबू घातलं तर आइस्क्रीम आंबूस लागतं, म्हणून चमचा मोजूनच.

स्टीलच्या ताटात बटर पेपर घालून चकत्या एकमेकींना न लागता मांडायच्या. चार ते सहा तासांत कडक होतात. मग पिशवीत भरून, हवा दाबून काढून, बंद करायच्या. एका पिशवीत २५० ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच केळी. मांडून गोठवण्याचा कंटाळा करून सरळ पिशवीत भरलं की गोळा होतो, आणि मग तो ओट्यावर आपटून फोडावा लागतो. तीन महिन्यांत संपवावं.

या चकत्यांचं आइस्क्रीम करायला दूध आटवावं लागत नाही, साखरही नको. ४०० ग्रॅम चकत्या पाच मिनिटं बाहेर ठेवून मिक्सरच्या लहान भांड्यात दहा-दहा सेकंद थांबत फिरवायच्या. आधी भुगा होतो, मग ओल्या वाळूसारखं दिसतं, आणि इथेच लोक घाबरून दूध ओततात. दूध ओतलं की त्याचा मिल्कशेक झाला. थांबावं, कडेचं चमच्याने खाली लोटावं, पुन्हा फिरवावं. आणखी चार-पाच फेऱ्यांत ते एकदम मऊ, सायीसारखं होतं. फारच अडलं तर दोन चमचे घट्ट साय. मिक्सर सलग फिरवला तर मोटर तापून बंद पडते. बुडाशी लाल बटण असतं, दहा मिनिटं थांबून ते दाबावं. भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट आणि चिमूटभर मीठ वरून घातलं तर मला तरी चॉकलेटपेक्षा हेच बरं लागतं.

सीताफळाला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि सगळ्यात जास्त दाद त्यालाच मिळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अजिंठ्याच्या डोंगरातून आणि सातपुड्याकडून माल येतो. डोळे उघडलेलं, बोटाने दबणारं, पण तडकून पाणी न सुटलेलं फळ घ्यावं. दोन किलो फळांतून पाऊण किलोच्या आसपास गर निघतो. चमच्याने गर काढताना सालीला लागून असलेला कणीदार थर खरवडू नये. तो दाताखाली रवाळ लागतो आणि सगळ्यात आधी तोच रंग बदलतो.

बिया काढायला मी मोठ्या भोकांची पुरणाची चाळणी वापरतो. गर त्यात घालून बोटांनी गोल गोल चोळायचा, गर खाली आणि बिया वर. मिक्सर लावायचाच असेल तर धारदार पातं नको. एक बी जरी फुटली तरी सगळं कडू होतं, आणि ती बी विषारी असते. खेड्यांत उवा मारायला तिची पूड वापरतात, ती डोळ्यात गेली तर इजा होते, हे लक्षात असू द्यावं.

५०० ग्रॅम गराला ५० ग्रॅम पिठीसाखर आणि दोन चमचे लिंबाचा रस. डबा घेतला तर गराच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचा कागद चिकटवून दाबावा, मध्ये हवा राहता कामा नये, आणि वर बोटभर जागा सोडावी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काचेची बरणी तोंडापर्यंत भरली तर तडकते.

हा गर कधीही शिजवू नये. तापला की कडवट होतो. रबडी करताना एक लिटर दूध निम्म्यावर आटवून, पूर्ण गार करून, फ्रिजमध्ये ठेवून, मग त्यात अर्धवट वितळलेला गर मिसळायचा. गरम रबडीत गर टाकून वाया घालवलेली सीताफळं मी बऱ्याच घरांत पाहिली आहेत.

आमरसाचं गणित निराळं, कारण आंबा उन्हाळ्यातच येतो. पण अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागरीवर खरबूज आणि आंबा ठेवायच्या वेळी, बाजारात येणारा आंबा महाग आणि बेभरवशाचा असतो. गेल्या जूनमधला रस तेव्हा खापराच्या मांड्यांबरोबर कामाला येतो. गोठवायच्या रसात दूध नको, पाणी नको, वेलची-जायफळही नको. मसाल्याचा वास महिन्यांनी बदलतो. एक किलो रसाला १०० ग्रॅम साखर. साखरेने रस दगडासारखा कडक होत नाही आणि रंगही टिकतो. गावरान आंब्याचा रस पातळ आणि रेषांचा असतो, तो गाळून घ्यावा. केशर-बदामचा घट्ट असतो, तसाच चालतो. तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नये, आंबटपणामुळे चव उतरते.

अर्धा किलो रस पिशवीत भरून ताटावर आडवी, दीड सेंटीमीटर जाडीची लादी करावी. एक किलोचा डबा आतपर्यंत गोठायला दिवस लागतो आणि सुटायलाही दिवस. लादी मात्र गार पाण्यात बुडवली की अर्ध्या तासात मोकळी होते, आणि थोडाच हवा असेल तर चॉकलेटसारखा तुकडा मोडून घेता येतो. पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या तर जागाही वाचते.

कुल्फीसाठी एक लिटर म्हशीचं दूध ४५०-५०० मिलीपर्यंत आटवायचं, ८० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे दूध पावडर. पूर्ण गार झाल्यावर ३०० ग्रॅम रस. कोमट असताना रस घातला तर आंबटपणाने दूध फाटतं, मग त्याला कलाकंद म्हणून वाढायची वेळ येते. चव घेताना मिश्रण नेहमीपेक्षा थोडं जास्त गोड लागलं पाहिजे, कारण गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. पण साखर दीडपट केली तर कुल्फी साच्यात धरतच नाही. काडी दीड तासाने खुपसावी, आधी खुपसली की वाकडी होते. साच्यातून काढायला नळाच्या पाण्यात दहा सेकंद. मे महिन्यात टाकीचं पाणी आपोआप कढत असतं, तेव्हा पाचच.

टरबुजाच्या, म्हणजे पुण्याकडच्या कलिंगडाच्या, फोडी गोठवू नयेत. वितळल्यावर ओल्या स्पंजासारख्या लागतात. बिया काढून रस करावा, लिटरला अर्धा चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस घालून बर्फाच्या ट्रेमध्ये ओतावा. हे खडे लिंबाच्या सरबतात टाकले की सरबत पांचट होत नाही. पपईच्या फोडी चांगल्या गोठतात, पण त्यांना दुधापासून लांब ठेवावं: पपईतलं पपेन नावाचं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं, आणि अर्ध्या तासात मिल्कशेक कडू होतो. गोठवल्याने ते मरत नाही. पपईला लिंबू, काळं मीठ, पुदिना हेच बरं. अक्कलकुव्याच्या डाब भागातली स्ट्रॉबेरी मिळाली तर हिरव्या देठासकट धुवावी, कपड्यावर पंख्याखाली कोरडी करावी, मग देठ काढावेत. आधी काढले तर पाणी आत शिरतं आणि फळ बर्फाचं होतं. मेहरूणची बोरं गोठवण्याच्या फंदात मी पडत नाही. ती वाळवावीत.

पिशव्या दुहेरी वापराव्यात, याला आपल्याकडे खास कारण आहे. बऱ्याच घरांत काळा मसाला, लाल तिखट फ्रीझरमध्येच असतं, आणि सायीचं, फळाचं काहीही तो वास धरतं. मसाल्याचा डबा खालच्या कप्प्यात हलवलेला उत्तम. पिशवीवर तारीख आणि वजन भरण्याआधीच लिहावं, गार ओल्या प्लास्टिकवर मार्कर उमटत नाही. फळावर पांढरट, कोरडे डाग दिसले तर ती बुरशी नव्हे. पिशवीत हवा राहिल्यामुळे तिथलं पाणी उडून गेलेलं असतं. खाल्लं तर अपाय नाही, चव मात्र कागदासारखी. असं फळ मिल्कशेकात घालावं.

राहिली वीज. फ्रीझर अर्धा रिकामा असेल तर उरलेल्या जागेत पाऊण भरलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात. भरलेला फ्रीझर गारवा जास्त वेळ धरतो. वीज गेली की दार उघडून बघण्याचा मोह टाळावा. गावाला जाताना एका वाटीत पाणी गोठवून वर नाणं ठेवून जावं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर काळजी नाही. तळाशी गेलं असेल तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे, मग आतला माल वास-चव न बघता वाढू नये, आणि दुधाची कुल्फी तर सरळ टाकावी. पिशवीत अजून बर्फाचे कण लागत असतील तर फळ पुन्हा गोठवायला हरकत नाही, फक्त ते आधी संपवावं.

मृग लागला की मी फ्रीझर रिकामा करून बर्फ वितळवतो, कारण बोटभर बर्फ साचलेला फ्रीझर नीट गार होत नाही. तोवर जांभळं आलेलीच असतात. बी काढून, किलोला एक चमचा मीठ चोळून, तीही ताटावर मांडायची. बटर पेपर मात्र दुहेरी घालावा, जांभळाचा डाग ताटावरून जातो, फ्रीझरच्या प्लास्टिकवरून जात नाही.